लाल शाईतलं ‘लाइव्ह नको’

(पत्राचा गोषवारा) माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना तिचा गुडघा सुजला आणि पुढे बालसंधिवाताचं निदान झालं. चौथ्या वर्षी आजार फार बळावला, तेव्हा स्टिरॉइडचे मोठे डोस झाले. त्यानंतर ती आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेते. स्टिरॉइड केव्हाच बंद झालं आहे. आता एक गुडघा आणि एक मनगट पुन्हा सुजू लागलंय, म्हणून सांधेतज्ज्ञ येत्या दोन-तीन महिन्यांत अडॅलिम्युमॅब (सूज वाढवणारं एक प्रथिन रोखणारं ‘बायोलॉजिक’ औषध) सुरू करायचं म्हणताहेत. गोवर-गालगुंड-रुबेलाचा पहिला डोस तिला लहानपणी मिळाला होता, दुसरा आजारपणात राहून गेला. कांजिण्या तिला झालेल्या नाहीत आणि त्यांची लसही दिलेली नाही. तिच्या शाळेत गोवराचे दोन रुग्ण निघाले आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, दुसरा डोस द्या. सांधेतज्ज्ञांच्या फाइलवर मात्र लाल शाईत लिहिलंय, ‘लाइव्ह लस नको’. सासूबाईंचं म्हणणं, पहिल्या लशीनंतर तीन महिन्यांतच हे दुखणं लागलं. चौदा महिन्यांच्या धाकट्याच्या लशीतले जंतू हिला लागतील या भीतीनं मी त्याच्याही लशी थांबवल्या आहेत. आणि ‘औषध अंगात नसेल तर लस चालेल’ असं वाटून गेले दोन आठवडे मी मेथोट्रेक्झेट दिलेलं नाही. हे कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळी ती कठडा धरून एकेक पायरी उतरते. परवा तिनं विचारलं, “माझ्यामुळे बाळाला इंजेक्शन देत नाहीयेस का?” मी काय करू?

– एक आई

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं लशीचं प्रकरण मोठं आहे, पण मी जिन्यापासून सुरुवात करते. सकाळी कठडा धरून एकेक पायरी उतरणं म्हणजे रात्रभर आखडलेले सांधे. ते आत्ता, या आठवड्यात होतंय. म्हणून पहिलं काम हे की आज सांधेतज्ज्ञांना फोन करा आणि दोन डोस चुकल्याचं सरळ सांगून टाका. ते रागावतील ही भीती बाजूला ठेवा. आम्हा डॉक्टरांना चुकलेल्या डोसापेक्षा लपवलेला डोस जास्त महागात पडतो, कारण मग सांधा का सुजला याचा हिशेबच चुकतो. तुम्ही सांगितलं नाहीत तर औषध पुरेसं पडत नाही असं समजून ते पुढची पायरी लवकर गाठतील. पुढचा डोस कधी द्यायचा ते त्यांना विचारा, आणि राहिलेले दोन डोस मिळून एकदम देऊ नका.

तुम्ही जे केलंत त्यामागचा विचार अगदीच वेडा नव्हता. लशीसाठी औषध थांबवायची पद्धत खरोखर आहे. पण तिला तारखा असतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार जिवंत लस द्यायची असेल तर मेथोट्रेक्झेट आधी ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे थांबवावं. म्हणजे साधारण दोन महिने औषधाविना. गुडघा आधीच सुजलेल्या मुलीसाठी ही किंमत थोडी नाही, आणि ती मोजायची की नाही हे घरात एकट्यानं ठरवण्यासारखं नाही. लशीची तारीख न ठरवता औषध थांबवलं, तर पदरात दुखणं तेवढं पडतं.

आता त्या लाल शाईकडे वळू. सांध्यांचे आजार असलेली मुलं मी बरीच वर्षं तपासते आहे, आणि अशी फाइल माझ्या टेबलावर वारंवार येते. एका मुलाची फाइल तर मला लख्ख आठवते. जाड पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे झिजलेले, आणि वर लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलेले तेच शब्द. खाली तारीख नाही, सही नाही. आतले कागद चाळत गेले तेव्हा कळलं की ती ओळ लिहिली त्या आठवड्यात त्या मुलाला शिरेतून स्टिरॉइड चालू होतं. त्या आठवड्यापुरती ती ओळ बिनचूक होती. पुढे स्टिरॉइड संपलं, मुलगा बरा झाला, औषधं एकावर आली, तरी कव्हर तेच राहिलं. मध्ये चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी ती फाइल हाताळली. त्या चारांतली एक मी होते. मीही एकदा ती ओळ वाचून पुढे गेले होते, आणि त्या वर्षी त्या मुलाची लस राहिली.

म्हणून तुमच्या मुलीच्या फाइलवर ती ओळ कुणी, कधी आणि कोणत्या औषधामुळे लिहिली ते विचारा. माझा अंदाज, चौथ्या वर्षीच्या स्टिरॉइडच्या काळात. तसं असेल तर आज ती नव्यानं तपासून लिहायला हवी. कदाचित उत्तर ‘नको’ असंच येईल. पण ते आजचं उत्तर असेल.

‘लाइव्ह’ म्हणजे नेमकं काय, हे कळलं की भीतीला आकार येतो. बहुतेक लशींत मेलेला जंतू किंवा त्याचा एखादा तुकडा असतो. तो वाढूच शकत नाही. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतानाही अशा लशी देता येतात, फार तर त्यांचा असर थोडा कमी होतो. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, एचपीव्हीची लस, धनुर्वात, ब-कावीळ या सगळ्या त्यातल्या. त्या राहिल्या असतील तर या गोंधळात त्यांना अडकवून ठेवू नका. जिवंत लशीत मात्र विषाणू असतो, दुबळा केलेला. तो अंगात थोडा वाढतो आणि त्याच्याशी झटापट करून शरीर शिकतं. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, नाकात फवारायची फ्लूची लस या त्यातल्या. क्षयाची बीसीजीही जिवंतच, फक्त तिच्यात विषाणूऐवजी जिवाणू असतो. झटापट करणारे हातच औषधानं बांधलेले असतील तर दुबळा विषाणूही डोईजड होऊ शकतो. भीती याची आहे आणि ती खरी आहे. पण औषधं हात किती बांधतात, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

इथे मला कांजिण्यांच्या लशीची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळून जाते. जपानी विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी १९६४ साली अमेरिकेत काम करत होते, तेव्हा त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या आणि त्या भयंकर चढल्या. मुलगा वाचला, पण ताकाहाशी त्या विषाणूमागे लागले आणि त्यांनी तो दुबळा करून लस बनवली. १९७४ साली त्यांनी तिचा अनुभव प्रसिद्ध केला. ती लस कुठे वापरली होती? रुग्णालयाच्या वॉर्डात, कांजिण्या पसरू नयेत म्हणून, आणि ज्यांना दिली त्यांत स्टिरॉइड घेणारी आजारी मुलंही होती. ज्या मुलांना कांजिण्यांचा धोका सर्वांत जास्त, त्यांना वाचवण्याच्या धडपडीत ही लस मोठी झाली. तुमच्या मुलीसारख्या मुलांचा विचार तिच्या जन्मापासूनच आहे. यावरून ‘म्हणजे कुणालाही बिनधास्त द्या’ असा अर्थ कृपा करून काढू नका. ‘स्टिरॉइड’ किंवा ‘मेथोट्रेक्झेट’ हा शब्द ऐकताच दार बंद, असं कधीच नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय.

तुमचे दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. एकाच्या डोळ्यांपुढे शाळेतला गोवर आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली. शिवाय तज्ज्ञांच्या शिफारशीही एका सुरात नाहीत. अमेरिकी शिफारशींचा कल औषध थांबवून लस देण्याकडे आहे, हे वर आलंच. मात्र त्या सशर्त आहेत, आजाराची स्थिती पाहून ठरवा असं त्याच सांगतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मुलांसाठीच्या शिफारशी वेगळ्या वाटेनं जातात. नेहमीच्या डोसात मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या मुलाला गोवर-गालगुंड-रुबेलाचा पुढचा डोस औषध चालू ठेवूनही देता येतो असं त्या म्हणतात, आणि कांजिण्यांपासून संरक्षण नसलेल्या अशा मुलाच्या बाबतीत त्या लशीचाही विचार करायला सांगतात. स्टिरॉइडचे मोठे डोस आणि बायोलॉजिक औषधं चालू असताना मात्र जिवंत लस सहसा टाळावी, यावर दोन्हीकडे एकमत आहे.

यात ‘पुढचा डोस’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुमच्या मुलीला पहिला डोस मिळाला होता, तोही मेथोट्रेक्झेट सुरू होण्यापूर्वी. गोवराच्या लशीच्या एका डोसानंतर शंभरातल्या सुमारे ९३ जणांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनंतर सुमारे ९७ जणांना. म्हणजे बहुधा तिचं शरीर त्या विषाणूला ओळखतं, आणि ओळखीचा विषाणू आला की तो हातपाय पसरण्याआधीच आवरला जातो. म्हणून दुसऱ्या डोसाचा धोका पहिल्यापेक्षा बराच कमी. नेदरलँड्समध्ये बालसंधिवात असलेल्या ४ ते ९ वर्षांच्या १३७ मुलांवर झालेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाला गोवर-गालगुंड-रुबेलाचा पुढचा डोस दिला, दुसऱ्याला दिला नाही, आणि वर्षभर सांध्यांवर नजर ठेवली. लस घेतलेल्यांचा आजार न घेतलेल्यांपेक्षा बळावला नाही. त्यांतली बरीच मुलं मेथोट्रेक्झेटवर होती. बायोलॉजिक औषधांवर थोडीच होती आणि त्यांचं औषध लशीपूर्वी थांबवलेलं होतं, म्हणून त्या औषधांबद्दल या चाचणीवरून फार मोठं विधान करता येत नाही.

कांजिण्यांचं तसं नाही. तिथे तिची पाटी कोरी आहे. कोऱ्या पाटीवर पहिला डोस द्यायचा तर जास्त काळजी हवी. मेथोट्रेक्झेटचा डोस तिच्या वजनाच्या आणि उंचीच्या मानानं किती आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत का, आधी कधी वारंवार गंभीर संसर्ग झालेत का, हे बघावं लागतं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडेही पाहू या. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे, आणि ते तुमच्या एकटीचं नाही: लस दिली तर धोका आपण पत्करला, नाही दिली तर आपण काहीच केलं नाही. पण शाळेत गोवर आहे. गोवर हवेतून पसरतो, रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तासा-दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू तिथल्या हवेत टिकतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या मुलात गोवर कधीकधी पुरळाशिवाय येतो, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. तो फुप्फुसात उतरतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो, शाळेतल्या बाकावरचा नाही. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. ‘काहीच न करणं’ नावाची सुरक्षित जागा आत्ता उपलब्ध नाही, आणि तीच जागा सापडेल म्हणून तुम्ही दोन आठवडे अडकून बसला आहात.

मग काय करावं? तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट मला वाटते ती ‘दोन-तीन महिन्यांत अडॅलिम्युमॅब’. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण आत्ता तुमच्याकडे खिडकी उघडी आहे ती याच दोन-तीन महिन्यांची. अडॅलिम्युमॅब सुरू झालं की जिवंत लशीचं दार बरंच मिटतं. ते औषध सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी जिवंत लस झालेली असावी, असा दंडक आहे. म्हणून सांधेतज्ज्ञांना ‘लस देऊ का नको’ असं विचारण्यापेक्षा असं विचारा: “अडॅलिम्युमॅब सुरू करायच्या चार आठवडे आधी गोवर-गालगुंड-रुबेलाचा दुसरा डोस आणि कांजिण्यांचा पहिला डोस बसवता येईल का? मेथोट्रेक्झेट चालू ठेवून की थांबवून?” असा प्रश्न विचारला की उत्तरात तारखा येतात. दोन्ही लशी एकाच दिवशी देता येतात. त्या दिवशी जमलं नाही तर मध्ये किमान २८ दिवस जावे लागतात, आणि मग खिडकीतला महिना फुकट जातो. एकच खबरदारी घ्या: चारही विषाणू एकत्र भरलेली लस अशा मुलांना देत नाहीत, दोन वेगळी इंजेक्शनं मागा.

कांजिण्यांचा दुसरा डोस या वयात एरवी तीन महिन्यांनी देतात. तोवर अडॅलिम्युमॅब सुरू झालेलं असेल, तेव्हा तो राहील. राहू दे. निरोगी मुलांत एक डोससुद्धा गंभीर कांजिण्या जवळजवळ पूर्ण टाळतो. तुमच्या मुलीत असर थोडा कमी असेल असं धरू, तरी तो शून्यापेक्षा कितीतरी बरा. लशीनंतर रक्त तपासून खात्री करून घेण्याचा मोह होईल, पण कांजिण्यांच्या लशीनं आलेली प्रतिकारशक्ती नेहमीच्या तपासणीत पुष्कळदा दिसतच नाही. अहवालात ‘नाही’ आलं म्हणून घाबरू नका.

सांधेतज्ज्ञ म्हणाले की थांबायला वेळ नाही, तर ऐका. सांधा झिजत असेल, किंवा डोळ्यांत सूज निघाली असेल, तर महिन्याची दिरंगाई परवडत नाही. बालसंधिवातात डोळ्यांतली सूज दुखत नाही, लाल होत नाही, आणि तरीही दृष्टी नेऊ शकते. (तिची डोळे तपासणी लांबली असेल तर तीही याच आठवड्यात करून घ्या.) गरजेचा उपचार लशीसाठी लांबवायचा नाही, हा नियम लशीच्या बाजूनं बोलणारे आम्ही सगळेच पाळतो.

लस झाली तर पुढचे सहा आठवडे डोळे उघडे ठेवा. गोवराच्या लशीनंतर सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास ताप आणि हलकं पुरळ येऊ शकतं, ते अपेक्षित आहे. कांजिण्यांच्या लशीनंतर चार-दोन फोड आले तर डॉक्टरांना कळवा. फोड वाढत गेले, ताप उतरेना, धाप लागली, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी दाखवा आणि लशीची तारीख सांगा. लशीतल्या कांजिण्यांच्या विषाणूवर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध चालतं, म्हणून लवकर ओळखणं कामाचं ठरतं. या सहा आठवड्यांत अ‍ॅस्पिरिन देऊ नका. दुखण्यासाठी कोणती गोळी द्यायची ते आधीच विचारून ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. पहिली लस, मग तीन महिन्यांनी सुजलेला गुडघा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. नातीवर माया आहे म्हणून त्या कारण शोधताहेत. त्यांना हे सांगून बघा: बालसंधिवाताचा एक मोठा गट पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत लशी पाठोपाठ असतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घरात आजाराच्या आधी दोन-चार महिन्यांत कुठली तरी लस सापडतेच. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे आणि ती लपवायला नको. रुबेलाच्या लशीनंतर काहींचे सांधे थोडे दिवस दुखतात, विशेषतः मोठ्या वयाच्या स्त्रियांचे. ते दुखणं येतं आणि जातं. वर्षानुवर्षं चालणारा बालसंधिवात त्यातून निर्माण होत नाही. डच चाचणीतल्या त्या १३७ मुलांचीही गोष्ट त्यांना सांगा. आजींना आकडे कळत नाहीत असं समजू नका.

आता धाकटा. इथे मी जरा ठामपणे लिहिते. त्याच्या लशी थांबवून तुम्ही मुलीचं रक्षण केलेलं नाही. तिच्या शेजारी झोपणारं, तिच्या ताटातलं उचलून खाणारं, तिच्या अंगावर खोकणारं घरातलं एक मूल तुम्ही गोवरासाठी उघडं ठेवलंय. तुमचा हेतू उलटा होता, मला ठाऊक आहे. पण गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीतला विषाणू लस घेतलेल्या मुलाकडून घरातल्या दुसऱ्याला लागत नाही. कांजिण्यांच्या लशीतला विषाणू पसरल्याच्या नोंदी जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि लस घेतलेल्याला पुरळ आलं तरच तसं घडतं. पुरळ आलंच तर फोड सुकेपर्यंत दोघांना वेगळं झोपवा, कपड्यानं फोड झाका, एवढं पुरतं. पोलिओसाठी थेंबांऐवजी इंजेक्शन मागा, कारण थेंबांतला विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. थेंब आधीच दिले गेले असतील तर लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवा, आणि तिला ते काम देऊ नका. बाकी त्याच्या सगळ्या लशी वेळापत्रकाप्रमाणे होऊ द्या. तुमच्या, नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या लशींचंही बघा. मुलीला एखादी लस देता येत नसेल तेव्हा तिच्याभोवतीची माणसंच तिची लस असतात.

एक गोष्ट कागदावर लिहून दाराशी लावा. तिचा गोवराच्या रुग्णाशी संबंध आला असं कळलं तर लक्षणांची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. तयार प्रतिपिंडांचं (जंतूंशी लढणाऱ्या, रक्तातल्या प्रथिनांचं) इंजेक्शन किंवा सलाईन संपर्कानंतर ६ दिवसांच्या आत दिलं तर गोवर टळू शकतो किंवा सौम्य होतो. कांजिण्यांसाठी अशीच प्रतिपिंडं १० दिवसांच्या आत देता येतात, जितकी लवकर तितकी बरी. शाळेतल्या शिक्षिकांना आजच सांगून ठेवा की वर्गात पुरळाचं मूल आलं तर तुम्हाला लगेच कळवायचं. आणि त्या दोन रुग्णांपैकी कुणी तिच्या वर्गातलं किंवा तिच्याच बसमधलं असेल, तर तो फोन आजच करायचा आहे.

हे पत्र वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे बरेच असतील, त्यांच्यासाठी थोडं. फक्त हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा सल्फासालाझिन घेत असाल तर ती औषधं या अर्थानं प्रतिकारशक्ती दाबणारी धरत नाहीत, तेवढ्यावरून जिवंत लस अडत नाही. रिटुक्सिमॅब हे बायोलॉजिक औषध घेतलं असेल तर किमान ६ महिने थांबावं लागतं. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, घेतलेल्यांना डोसाप्रमाणे ८ ते ११ महिने, कारण बाहेरून आलेली प्रतिपिंडं लशीलाच निकामी करतात.

पन्नाशीच्या पुढच्या संधिवाताच्या रुग्णांचा प्रश्न नागिणीचा असतो. त्यांना नागीण इतरांपेक्षा जास्त होते, जॅक गटाच्या (प्रतिकारशक्तीचे आतले संदेश रोखणाऱ्या) गोळ्यांवर तर आणखीच. पूर्वीची नागिणीची लस जिवंत होती. टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी, म्हणजे अडॅलिम्युमॅबसारखी, औषधं घेणाऱ्या ६१७ जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत, जी २०२१ साली प्रसिद्ध झाली, जिवंत लस घेतलेल्यांपैकी एकालाही पुढच्या सहा आठवड्यांत लशीतल्या विषाणूचा सिद्ध संसर्ग झाला नाही. पण २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी ही जिवंत लस घेतलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद जाहीर केली होती. तो रुग्ण प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा छोटा डोस आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन एवढ्यावरच होता. म्हणून ‘थोडंसंच औषध आहे’ यावर डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. सुदैवानं आता नागिणीची दुसरी लस आहे, तिच्यात जिवंत काही नाही. ती दोन डोसांत देतात आणि औषध न थांबवता घेता येते. दवाखान्यात लशीचं नाव वाचून, ती जिवंत नाही ना, एवढं विचारून घ्या.

पीतज्वराच्या देशांत जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. ती लस जिवंत आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना ती शक्यतो देत नाहीत. प्रवासाच्या नियमासाठी, वैद्यकीय कारणानं लस देता येत नाही असा दाखला मिळू शकतो. पण दाखला सीमेवर चालतो, डासापुढे नाही. खरोखर साथ असलेल्या भागात जायचं असेल तर प्रवास टाळणंच मी सुचवेन.

आणि गरोदरपणात बायोलॉजिक औषध घेतलेल्या आयांनी बाळाच्या डॉक्टरांना ते जन्मताच सांगावं. ही औषधं शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि काही महिने त्याच्या रक्तात राहतात. अशा एका बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली गेली, तो जंतू अंगभर पसरला आणि बाळ दगावलं. आईनं औषध आतड्याच्या आजारासाठी घेतलं होतं. २०१० साली ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि तेव्हापासून अशा बाळांची बीसीजी किमान ६ महिने, काही औषधांच्या बाबतीत वर्षभर, लांबवायला सांगतात. रोटाव्हायरसच्या थेंबांबद्दल नियम औषधागणिक वेगळे आहेत, तेव्हा स्वतः ठरवू नका.

आता तुमच्या घरी परत येऊ. सांधेतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यात निरोप्याचं काम तुम्ही एकटीनं करू नका. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत नेताना शब्द बदलतात, आणि दोष मात्र निरोप्यावर येतो. दोघांना एकच चिठ्ठी लिहा: मुलीचं वजन, मेथोट्रेक्झेटचा डोस, चुकलेले दोन आठवडे, झालेल्या आणि राहिलेल्या लशी, अडॅलिम्युमॅबची संभाव्य तारीख, शाळेतला गोवर. खाली लिहा, ‘कृपया एकमेकांशी बोलून तारीख कळवावी’. दोघांचे फोन नंबर त्याच चिठ्ठीवर द्या. जे ठरेल ते फाइलच्या कव्हरवर लिहून घ्या. लाल शाईत लिहिलं तरी चालेल, पण शेजारी तारीख, औषधाचं नाव आणि ‘पुन्हा कधी तपासायचं’ हे हवंच.

धाकट्याची लस मात्र या कुठल्याच उत्तरासाठी अडून नाही. ती याच आठवड्यात करा आणि मुलीला बरोबर न्या. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथे मिळेल. सुई टोचण्याआधी कुठे बघायचं, दंड कसा सैल सोडायचा, नंतर किती वेळ दाबून धरायचं, हे दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या त्या पोरीइतकं तुमच्या घरात कुणालाच येत नसेल. बाळाचा हात तिलाच धरू द्या.